परतीचे तिकीट कोणाचे?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्हाला द्वितीय वर्षाला आहे. वर्गात अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत अनेक नावे निघाली. त्यांतली मिळाली तेवढी मी ग्रंथालयातून नेऊन वाचली आणि ती मला आवडली. आमच्या घरात पुस्तक वाचून एकटीने हसणारी मी पहिलीच. आजीला वाटले, पोरीचे काहीतरी बिनसले. पण वाचता वाचता एक विचार मनात घर करून बसला. या वाङ्मयात जाण्याची तयारी कशी सविस्तर असते! निरोप, हार, बोटीचा भोंगा, विमानातली पहिली धडधड. परतीची वाट मात्र बहुधा थोडक्यात उरकली जाते. यात नवल नाही. निघतानाच ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याने परतीविषयी लिहावे तरी काय?

मग गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ हाती आले. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातील वरसईचे हे भिक्षुक. घरी दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. मिळवलेले लुटले गेले. तरी गंगेच्या पाण्याची कावड वाहत ते घरी परतले. पुढे १९०७ साली ते पुस्तक छापले गेले. आपल्या भाषेतल्या एवढ्या नावाजलेल्या प्रवासवर्णनाचा नायक मौजेसाठी हिंडणारा प्रवासी नाही. तो चार पैसे मिळवायला बाहेर पडलेला कोकणी माणूस आहे आणि तो घरी पोचतो की नाही हाच वाचणाऱ्याच्या जिवाला घोर. हे पुस्तक वाचताना मला आमच्या बाबांची आठवण झाली, असे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आई, माझा धाकटा भाऊ आणि मी वीस दिवस दुबईला जाऊन आलो. कॉलेज सुरू झाल्यावर मैत्रिणींनी घेरले. बुर्ज खलिफा केवढी उंच आहे? (८२८ मीटर. ती २०१० च्या जानेवारीत खुली झाली. आम्ही ती खालूनच पाहिली, वर जाण्याचे तिकीट परवडणारे नव्हते.) सोने स्वस्त आहे का? उंटावर बसलात का? एका सरांनी कौतुकाने विचारले, “फॅमिली ट्रिप वाटतं?” मी ‘हो’ म्हटले. व्हिसावरही आम्ही पर्यटकच होतो. पण खेड, दापोली, मंडणगड, गुहागर या तालुक्यांतल्या कितीतरी घरांना ठाऊक असलेली ही ‘फॅमिली ट्रिप’ जाहिरातीतल्या सहलीसारखी नसते. तिचे खरे रूप पहिल्या दिवशी कळत नाही. ते कळते शेवटच्या दिवशी.

थोडे समजावून सांगते. बाबा तिकडे शटरिंगचे सुतार आहेत. स्लॅब ओतण्याआधी जो लाकडी साचा बांधतात तो बांधायचा आणि काँक्रीट धरले की काढायचा. इमारत उभी राहिली की यांचे काम तेथे शोधूनही सापडत नाही. संयुक्त अरब अमिरातीत बायकामुलांना जवळ ठेवायचे तर नवऱ्याचा पगार चार हजार दिऱ्हम, किंवा तीन हजार आणि वर राहायला जागा, एवढा लागतो. बाबांची मजुरी तेथवर पोचत नाही. म्हणून लग्नाच्या बायकोने नवऱ्याकडे जायचे ते पाहुणी होऊन, ठरावीक दिवसांच्या व्हिसावर. २०२४ साली बाबांची सुट्टी कंपनीने पुढे ढकलली, तेव्हा ते फोनवर म्हणाले, “मला सोडत नाहीत तर तुम्हीच या.” एवढी आमच्या सहलीची प्रस्तावना. तिच्यासाठी किती महिने पैसे साठवले ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

ते राहतात कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत सहा जण. तेथे बायकामाणसांना नेणे शक्यच नव्हते. आम्ही शारजाला गावच्याच एका कुटुंबाच्या बाहेरच्या खोलीत उतरलो. कॅम्प ज्या भागात आहे त्याला सारे कामगार सोनापूर म्हणतात. नकाशावर त्याचे नाव मुहैसना आहे. सोन्याचे गाव, असा अर्थ सांगतात. मुंबईत उभा जन्म काढलेल्या आमच्या आजोबांना मात्र सोनापूर म्हणजे स्मशान एवढेच माहीत. मुलाचा पत्ता पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते फोनवरच ओरडले होते, “काय अभद्र बोलतोस!” बाबा अजून ही गोष्ट हसत सांगतात. आजोबा आता नाहीत.

वीस दिवसांत बाबांचे पूर्ण दिवस आमच्या वाट्याला आले ते चार. तीन रविवार, आणि चौथा हा शेवटचा, बिनपगारी रजा टाकून घेतलेला. एरवी ते ड्यूटी संपवून रात्री बसने येत, जेवत आणि शेवटच्या बसने परत जात. धाकटा तोवर झोपलेला असे.

शेवटच्या दिवसाची सुरुवात बॅगांनी झाली. माणशी तीस किलो. हुकाचा काटा शेजारून मागून आणला होता. येताना याच बॅगांतून आई कुळथाचे पीठ, कोकम, आंबोशी, सुके सोडे आणि वर्षभराचा मसाला घेऊन आली होती. आता त्या उलट्या भरायच्या होत्या. बाबांनी दोन वर्षे थोडे थोडे जमवलेले बाहेर निघाले: दुधाच्या पावडरीचे डबे, खजूर, टायगर बाम, साबणाच्या वड्या, विजेऱ्या, अत्तराच्या बाटल्या आणि वाघाचे चित्र असलेले एक जाड ब्लँकेट. प्रत्येक वस्तूवर बॉलपेनने नाव लिहिलेले. आत्या, मामा, शाळेचे शिपाई, देवळाचे गुरव. ब्लँकेट घातले की काटा तीस ओलांडी. काढले की आजी काय म्हणेल हा प्रश्न. चार वेळा बॅग भरली, चार वेळा उपसली. शेवटी आईने स्वतःच्या दोन साड्या काढून ठेवल्या. म्हणाली, “पुढच्या खेपेला नेसेन.” पुढची खेप कोणती, हे कोणी विचारले नाही.

मला वाटते, परदेशवारीतले एवढे खरे चित्र दुसऱ्या कोणत्याही दिवशी दिसणार नाही. आपल्याकडे आखातातून आलेल्या बॅगेकडे लोक ऐश्वर्य म्हणून पाहतात. ती बॅग म्हणजे गैरहजेरीची भरपाई असते. जो माणूस बारशाला नव्हता, बाराव्याला नव्हता, त्याची ती भरपाई. शिपायाच्या नावाचा साबणही त्याच हिशेबातला. बाबांच्या वडिलांना खांदा द्यायला जे धावले त्यांत शाळेचे शिपाई होते. बाबा पोचू शकले नाहीत.

दुपारी खाडीवर गेलो. दुबई शहराच्या मधून खाडी गेली आहे. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधे ‘अब्रा’ नावाच्या उघड्या लाकडी होड्या चालतात आणि माणशी एक दिऱ्हम घेतात. आमच्या सगळ्या सहलीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर गोष्ट. आई कोकणातली असून होडीला भिते, तिने बाबांचा दंड घट्ट धरला. चारचौघांत तिने असे केलेले मी प्रथमच पाहिले. बाबांनी चार दिऱ्हम नावाड्याच्या हातावर ठेवले आणि तसेच पुन्हा चार ठेवून आम्ही परतलो, पुन्हा गेलो. तीन फेऱ्या झाल्या. धाकट्याला वाटले, त्याच्यासाठीच.

काठावर माल चढवणारी लाकडी गलबते उभी होती. येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आखातातल्या या बंदरांवर एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो तेथून उठला. अमिरातीचा दिऱ्हम आला १९७३ साली. म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणी जो मुलूख आपल्याच नाण्याने व्यवहार करी, त्याच मुलखातल्या नाण्याचा भाव आज आमच्या गावात म्हातारी माणसेसुद्धा रोज विचारतात. रुपया घसरला अशी बातमी आली की वर्गात अर्थशास्त्राचे सर चिंता व्यक्त करतात, आणि आमच्या आळीत लोक पैसे आजच पाठवा म्हणून फोन करतात. दोन्ही बाजू बरोबरच आहेत म्हणा.

संध्याकाळी शारजाला परतल्यावर बाबांनी एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “तू कॉलेजात आहेस, वाच जरा.” तो त्यांचा नोकरीचा करार होता. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. चौदा वर्षे ते ज्या कागदावर सही करीत आले, तो आज प्रथमच घरातल्या कोणी वाचायला घेतला होता. मी मराठीची विद्यार्थिनी; डिक्शनरी उघडून कशीबशी पुढे सरकत होते. एवढे समजले, की नोकरी सुटताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती एकूण पगारावर नसून मूळ पगारावर मोजतात: पहिली पाच वर्षे दर वर्षामागे एकवीस दिवसांचा आणि पुढे दर वर्षामागे तीस दिवसांचा. आणि बाबांचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून थोडाच अधिक होता. बाकीचे भत्ते. मी आकडेमोड करून रक्कम सांगितली. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी जास्त धरून चाललो होतो.” आई भाकऱ्या बांधत होती, तिने मान वर केली नाही. तेवढ्यात टॅक्सी आली.

विमानतळाविषयी मी फार लिहिणार नाही. पासपोर्टच्या रांगेपाशी बाबा थांबले, आम्ही पुढे गेलो. धाकटा अकरा वर्षांचा आहे, त्याने वळून विचारले, “तुमचं तिकीट?” एवढेच सांगितले तरी पुरे आहे.

विमान रात्री साडेअकराला सुटले. माझ्या अंदाजाने निम्मे प्रवासी आमच्यासारखेच होते, मुले घेऊन परतणाऱ्या बायका, आणि निम्मे सुट्टीवर निघालेले कामगार. दोघांचे चेहरे इतके वेगळे, की कोण कशासाठी चालले आहे हे तिकीट न पाहता सांगता यावे. एकाच विमानात काहींची सुट्टी सुरू होत होती आणि काहींची संपत होती. जाताना घड्याळ दीड तास मागे केले होते, तेव्हा तेवढा वेळ फुकट मिळाला म्हणून धाकटा खूश झाला होता. तो दीड तास परतताना परत द्यावा लागला. अडीच वाजता उतरायचे ते पहाटेचे चार वाजले.

दुबई ते मुंबई तीन तास. मुंबई ते आमचे गाव आठ तास. गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला सुरुवात झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि आता पदवीला आले, यावर याहून अधिक टीका करण्याची गरज नाही. वडखळ, माणगाव, महाड करीत कशेडी ओलांडली तेव्हा ऊन चढले होते. आई वाटभर जागी होती. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेते, उडव्या रचलेल्या. ती एवढेच म्हणाली, “आपला भात कोणी झोडला असेल?”

घरी आळी जमली होती. “काय गो, काय काय पाह्यलंस?” “काय आणलंस?” बॅगा उघडल्या, नावे वाचली, वस्तू वाटल्या. तासाभरात तीस-तीस किलो रिकामे झाले. ब्लँकेट आजीने पायांवर घेतले, दुपारच्या उन्हात. बाबा कसे आहेत हे सर्वांनी विचारले. ते कधी येणार, हे फक्त आजीने विचारले. इतरांनी विचारले नाही याचा मला राग नाही. ज्यांच्या घरातला कोणी तिकडे आहे त्यांना माहीत असते, की हा प्रश्न घरच्यांना विचारायचा नसतो.

त्या रात्री मी हिशेब केला. बाबा २०१० साली गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. २०२० ची कोरोनाने बुडाली, २०२४ ची पुढे गेली. चौदा वर्षांत पाच वेळा आले. दहा महिने. धाकट्याच्या वाट्याला आठ. त्यात या वीस दिवसांची भर, म्हणजे खरे तर चारच दिवसांची.

मागच्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. आखाती पैशाने कोकणी तरुण आळशी झाला, असा विषयाचा रोख होता. अनुकूल बाजूच्या वक्त्याने टाळ्या घेतल्या: फरशीची घरे झाली, भाताची शेते ओसाड पडली, मुले मोबाईल घेऊन कट्ट्यावर बसली. यात खोटे काही नाही. पण मी तेव्हा श्रोत्यांत होते आणि माझ्या मनात आले, की या सभागृहातल्या किती जणांची फी त्या पैशातून आली आहे हे एकदा हात वर करून मोजावे. आमच्या घरात त्या पैशाने तीन गोष्टी केल्या: चिऱ्याची घरटी, आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि मी. फरशी अजून व्हायची आहे.

उलट बाजूचा वक्ताही मला पटला नाही. तो म्हणाला, कोकणी माणूस पूर्वीपासूनच चाकरमानी. आधी मुंबई, आता दुबई, फरक तो काय? फरक आहे, आणि तो परतीच्या वाटेत आहे. आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही उतरले आणि संप बुडाल्यावर एसटीने गावी आले. न ठरवता, हातात काही नसताना आले, हे खरे. पण आले. गणपतीला, शिमग्याला त्यांना मालकाची रजा मिळो न मिळो, वेळ पडली तर नोकरीवर लाथ मारून रातोरात गाडी पकडता येत होती. आजी सांगते, “रुसून गेले तरी एसटी दुसऱ्या दिवशी असायचीच.” बाबांच्या परतीला मालकाची मंजुरी लागते, तिकिटाचे पैसे लागतात आणि हिशेब चुकता व्हावा लागतो. आजोबांना परत यावे लागले, बाबांना परत येता येत नाही. या दोन दुःखांना एकच नाव देऊन टाळी घेणे मला बरोबर वाटत नाही.

आता ज्यासाठी लेखणी उचलली तो मुद्दा. आमच्या वर्गातल्या तिघांनी यंदा पासपोर्ट काढले आहेत. त्यांना त्याचा अभिमान आहे, कारण त्यांच्या पासपोर्टावर शिक्का नाही. हा शिक्का काय, ते ज्यांच्या घरात कोणी तिकडे नाही त्यांच्यासाठी लिहिते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने अशी पद्धत आली, की जो दहावी झालेला नाही आणि आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाणार आहे, त्याची कागदपत्रे सरकारी अधिकाऱ्याने आधी तपासावीत. अशा पासपोर्टावर तपासणी आवश्यक अशी खूण असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ईसीआर म्हणतात. बाबा नववी नापास. त्यांच्या पहिल्या पासपोर्टावर ती होती. आई चौथी शिकलेली. तिच्या नव्या पासपोर्टावर ती आहे. जाताना खिडकीवरच्या अधिकाऱ्याने तिला सभ्यपणे विचारले होते, “परतीचे तिकीट दाखवा.” मला कोणी काही विचारले नाही. माझा पासपोर्ट कोरा आहे, कारण मी दहावी पास आहे.

आई तेव्हा ओशाळली आणि मला, खोटे कशाला सांगू, थोडा ताठा आला. घरातली पहिली पदवीची विद्यार्थिनी म्हणून असा ताठा मला अधूनमधून येतो. पण शेवटच्या दिवशी तो करार वाचल्यापासून मला हे निराळे दिसू लागले आहे. शिक्का असलेल्या माणसाचा करार कोणीतरी पाहते. भरती करणारा एजंट नोंदलेला आहे का, हे तपासले जाते. त्याला प्रवासी भारतीय विमा सक्तीने घ्यावा लागतो. २०१७ पासून त्यात दहा लाखांचे संरक्षण होते आणि दोन वर्षांचा हप्ता होता अवघा २७५ रुपये. ही तपासणी किती कागदावर आणि किती खरी, हा वाद वेगळा. पण शिक्का नसलेल्याच्या बाबतीत हे काहीच बंधनकारक नाही. दहावी झालेला माणूस आपले हित आपण पाहू शकतो असे कायदा गृहीत धरतो. मी बारावी होऊन पुढे कॉलेजात आले, तरी तो दोन भाषांतला कागद मला धड वाचता येईना. दहावीला गणितात काठावर निघालेल्या आमच्या मित्राला तो येईल कसा? तालुक्याच्या ठिकाणी भिंतीवर जाहिराती लागतात, त्यांत बिनशिक्क्याच्या पासपोर्टवाल्यांनाच बोलावणे असते. आमची पोरे याला मान समजतात. मला वाटते, यात एजंटाची सोय अधिक आहे.

जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. ज्या घराची चूल त्या पैशावर पेटली त्या घरातल्या मुलीने असे म्हणणे शोभणार नाही. माझे म्हणणे फार लहान आहे. आपण प्रवासवर्णनावर निबंध लिहितो, व्यवहारोपयोगी मराठीच्या तासाला अर्ज आणि इतिवृत्त लिहितो. त्याच तासाला एकदा नोकरीचा करार का वाचू नये? मूळ पगार म्हणजे काय, सुट्टीचे तिकीट कोणी काढायचे, मुदतीआधी परत यायचे झाले तर काय, या तीन ओळी शोधायला शिकवायला एक तास पुरे. भरती करणारा परवानाधारक आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. संगणक कक्षात बसून ते दाखवायला अर्धा तास. आणि ज्यांचे वडील, भाऊ तिकडे आहेत अशा माझ्या सहाध्यायांनी या अंकासाठी त्यांच्या शेवटच्या दिवसांविषयी लिहावे. उंच इमारतींची चित्रे सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेतच.

हे मी वर्गात बोलले तेव्हा त्या तिघांतले दोघे हसले. तिसरा दुसऱ्या दिवशी घडी घातलेला एक कागद घेऊन आला. इंग्रजीच्या सरांनी मधल्या सुट्टीत तो समोर धरला. एजंटाने सांगितलेला आकडा कागदावर होता, पण तो एकूण पगाराच्या रकान्यात. मूळ पगार त्याच्या निम्मा. परतीच्या तिकिटाची ओळ आम्ही दोनदा शोधली. ती मुदत पुरी झाल्यावरच्या तिकिटाची होती. सरांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि सांगितले, “हे एजंटाला विचार, आणि त्याचे उत्तर लिहून घे.” त्याने विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.